डोंगरांनी राखलेला देश: लेसोथोची सफर

पहिला दिवस: जोहान्सबर्ग ते मासेरू

दादा-वहिनी जोहान्सबर्गला राहतात. त्यांच्याकडे आल्यापासून मला क्रूगर आणि केपटाऊनपेक्षा लेसोथोचीच ओढ जास्त होती. चारही बाजूंनी एकाच देशाने वेढलेले देश जगात तीनच आहेत. त्यातले दोन, सॅन मरिनो आणि व्हॅटिकन, इटलीच्या पोटात आहेत. तिसरा लेसोथो, दक्षिण आफ्रिकेच्या पोटात. बरं, पहिले दोन अगदीच चिमुकले. लेसोथो मात्र ३०,३५५ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण दहावा हिस्सा, आणि लोकसंख्या जेमतेम तेवीस लाख. एवढा मोठा मुलूख स्वतंत्र कसा राहिला, हे मला त्या जमिनीवर उभं राहून समजून घ्यायचं होतं.

जोहान्सबर्गहून मासेरू चारशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक रस्ता फ्री स्टेट प्रांतातून जातो, तासन्‌तास सपाट. नजर पोचेल तिथवर मका आणि मध्येच धान्य साठवायचे उंच सायलो. एप्रिल असल्यामुळे रस्त्याच्या दोन्ही कडांना गुलाबी-पांढरा कॉसमॉस फुललेला. वहिनी गाडी थांबवून फोटो काढत होती तेव्हा दादा म्हणाला, "ही जमीन नीट बघून ठेव. पुढे आठवडाभर तुला एवढी सपाटी दिसायची नाही. यातली बरीचशी लेसोथोवाल्यांचीच होती."

या प्रांताचा आपल्याशीही एक जुना संबंध आहे आणि तो कडू आहे. १८९१ च्या कायद्याने भारतीयांना इथे वस्ती करायला बंदी घातली होती. ती थेट १९८० च्या दशकापर्यंत टिकली. ज्या गावात आम्ही निवांत सँडविच खाल्लं, तिथे माझ्या जन्माच्या थोडंच आधी भारतीय माणसाला घर करता येत नव्हतं.

लेडीब्रँडच्या पुढे सपाट माथ्याचे पिवळसर वालुकाश्माचे डोंगर सुरू झाले. मग कॅलेडन नदी लागली. बासोथो, म्हणजे लेसोथोचे लोक, तिला मोहोकारे म्हणतात. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे एक शिक्का, पलीकडे दुसरा, आणि लगेच मासेरू शहर. सीमा आणि राजधानी यांच्यात अंतर असं नाहीच.

शहराची उंची सोळाशे मीटरच्या आसपास आहे आणि इथे त्याला सखल भाग म्हणतात. संपूर्ण देश हजार मीटरच्या वर असलेला जगातला हा एकमेव देश. इथली सर्वांत खालची जागा, जिथे माखालेंग नदी सेन्कू (ऑरेंज) नदीला मिळते, तीसुद्धा १,४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तेव्हा देशाचा तळ आपल्या शिखराच्या थोडाच खाली, आणि माथा, थाबाना न्तलेन्याना, ३,४८२ मीटर.

मासेरूत बघण्यासारखं फार नाही, पण समजून घेण्यासारखं आहे. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतून पळून आलेल्यांना या शहराने आसरा दिला. त्याची किंमत ९ डिसेंबर १९८२ च्या रात्री मोजली. दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने सीमा ओलांडून घरांवर हल्ला केला आणि ४२ माणसं मारली. त्यात बारा इथलेच नागरिक होते. आज शहराच्या कडेला कपड्यांचे कारखाने आहेत. संध्याकाळी सुटी झाली की बायकांचे लोंढे बाहेर पडतात. त्यांनी शिवलेल्या जीन्स अमेरिकेत जातात. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने लेसोथोच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केलं तेव्हा या वस्तीत काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. पुढे ते १५ टक्क्यांवर आलं, पण तोवर ऑर्डरी जायच्या त्या गेल्या.

दुसरा दिवस: थाबा बोसिऊ

ज्याला लेसोथोत एकच जागा बघता येणार असेल त्याने थाबा बोसिऊ बघावं. मासेरूपासून पूर्वेला चोवीसेक किलोमीटर. दुरून हा डोंगर काहीच वाटत नाही. सपाट माथा आणि आजूबाजूच्या शेतांपासून शंभरेक मीटरच काय ती उंची. पायथ्याशी गेल्यावर कडा दिसतो. डोंगराच्या सगळ्या घेराला वालुकाश्माचा सरळसोट तुटलेला कडा आहे, आणि वर जाणाऱ्या वाटा अगदी मोजक्या, खडकाच्या फटींतून काढलेल्या.

आमच्या वाटाड्याला मी वहिनीने शिकवल्याप्रमाणे "दुमेला, न्ताते" म्हटलं. न्ताते म्हणजे वडील, पण कोणत्याही मोठ्या पुरुषाला असंच हाक मारायची. बाईला 'म्मे. दुकानदार असो की पोलीस, आधी नमस्कार, मग ख्यालीखुशाली, आणि मगच काम. वाटाडा साठीचा असावा. खांद्यावर ब्लँकेट, हातात काठी. खुबेलू नावाच्या वाटेने तो आम्हाला वर घेऊन गेला. वाट अरुंद आहे. वर चार माणसं दगड घेऊन बसली तर खालच्या शंभरांना अडवतील, हे चढतानाच पटतं.

हा गड निवडला बासोथोंचा पहिला राजा मोश्वेश्वे याने, १८२४ मध्ये. तो काळ या भागात भयंकर होता. लढाया, पळापळ आणि दुष्काळ यांनी टोळ्याच्या टोळ्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. मोश्वेश्वे उत्तरेला बुथाबुथेच्या डोंगरावर होता. ती जागा वेढ्यात टिकणार नाही हे ओळखून त्याने आपली माणसं आणि गुरं घेऊन हिवाळ्यात शंभराहून जास्त किलोमीटरची वाटचाल केली. वाटेत त्याचे आजोबा पेएते मागे पडले आणि उपासमारीने नरभक्षक झालेल्या टोळीच्या हाती सापडले. त्यांनी आजोबांना मारून खाल्लं.

पुढे ती टोळी मोश्वेश्वेच्या ताब्यात आली. लोक म्हणाले, सूड घ्या. तो म्हणाला, माझ्या आजोबांची कबर या माणसांच्या पोटात आहे, ती मी कशी मोडू? त्याने त्यांना मारलं नाही. त्यांना जमीन आणि गुरं देऊन वसवलं.

वाटाडा ही गोष्ट सांगताना थांबला होता. मोश्वेश्वेने देश कसा उभा केला ते मला या एका गोष्टीतून जितकं कळलं तितकं कुठल्याच सनावळीतून कळलं नाही. वाताहत झालेल्या, वेगवेगळ्या कुळांच्या, एकमेकांचे वैरी असलेल्या माणसांना त्याने गडाखाली जागा दिली आणि त्यांचे बासोथो झाले. १८३१ मध्ये म्झिलिकाझी या राजाच्या न्देबेले फौजेने या गडावर हल्ला केला. कड्यावरून दगड आणि भाले कोसळले, फौज मागे फिरली. तेव्हा मोश्वेश्वेने परतणाऱ्या शत्रूच्या मागोमाग गुरं पाठवली. तुम्ही भुकेपोटी आला असाल, ही घ्या, असा निरोप. न्देबेले पुन्हा कधी इथे आले नाहीत.

माथा साधारण दोन चौरस किलोमीटरचा आहे आणि वर जिवंत झरे आहेत, म्हणूनच गड लढला. आम्ही एका झऱ्याजवळ बसलो. पाणी खडकातून बोटभर धारेने येत होतं आणि इतकं गार होतं की ओंजळ फार वेळ धरवेना. पलीकडे मोश्वेश्वेच्या दगडी घराचे अवशेष आणि त्याची साधी कबर. पूर्वेला किलोआने नावाचा शंकूसारखा सुळका दिसतो. देशाच्या झेंड्यावर जी गवती टोपी आहे, मोकोरोतलो, तिचा आकार या सुळक्यावरून आला असं सगळे सांगतात.

बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्या, लोकांशी झालेल्या युद्धांत हा गड एकदाही पडला नाही. १५ ऑगस्ट १८६५ ला लौ वेपेनर नावाचा त्यांचा सेनापती याच खुबेलू वाटेवर चढाई करताना मारला गेला. पण गड घेता येत नाही म्हटल्यावर बोअरांनी खालची शेतं जाळली, उभी पिकं तुडवली, गुरं नेली. लोक भुकेने हैराण झाले. अखेर मोश्वेश्वेने इंग्लंडच्या राणीचं संरक्षण मागितलं. माझा देश हे तुमचं ब्लँकेट आहे आणि माझे लोक त्यातल्या उवा, असे शब्द त्याने वापरल्याचं सांगतात. १२ मार्च १८६८ रोजी बासुटोलँड ब्रिटिश संरक्षणाखाली गेलं. दोनच वर्षांनी, ११ मार्च १८७० ला तो वारला. अजूनही ११ मार्चला देशभर सुटी असते.

त्या सौद्यात मोहोकारेच्या पश्चिमेची सुपीक जमीन गेली ती कायमची. कालची मक्याची शेतं तीच. हाती राहिले डोंगर आणि नदीकाठची एक चिंचोळी पट्टी. मात्र संरक्षणामुळे १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला तेव्हा हा मुलूख त्यात विलीन झाला नाही, आणि ४ ऑक्टोबर १९६६ ला लेसोथो म्हणून स्वतंत्र झाला. वर्णभेदाचे कायदे मोहोकारेच्या या काठावर कधी लागू झाले नाहीत. माझ्या मते त्या म्हाताऱ्या राजाने केलेला हिशोब अचूक होता. जमीन गेली, पण माणसं गुलाम झाली नाहीत.

दुपारी मोरिजाला गेलो. १८३३ मध्ये मोश्वेश्वेच्या बोलावण्यावरून पॅरिसहून आलेल्या मिशनऱ्यांनी वसवलेलं हे गाव. इथल्या छापखान्यामुळे सेसोथो भाषा फार लवकर छापली जाऊ लागली. 'लेसेलिन्याना' हे वर्तमानपत्र १८६३ मध्ये सुरू झालं. संग्रहालय लहान आहे, जपलेलं आहे, त्यात डायनोसॉरचे अवशेषही आहेत.

तिसरा दिवस: सेमोन्कोंगकडे

रोमा या विद्यापीठाच्या गावावरून रस्ता डोंगरात शिरतो. इथपासून दगडाचा रंग बदलला. खालचा पिवळा वालुकाश्म संपून वर काळा पाषाण सुरू झाला. पायऱ्या पायऱ्यांचे कडे आणि त्यांच्यामध्ये गवताचे पट्टे. सह्याद्री चढलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटणारच, कारण हाही लाव्ह्याचाच बेसॉल्ट आहे. फक्त दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि इथला अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. झाडं मात्र जवळजवळ नाहीत. नुसतं गवत, मेंढ्या आणि वारा.

एका वळणावर काठीला पांढरं फडकं बांधलेलं झोपडं दिसलं. पांढरं म्हणजे आज घरी ज्वारीची बिअर केली आहे. पिवळं असेल तर मक्याची, लाल म्हणजे मांस, हिरवं म्हणजे भाजी. आम्ही बिअर घेतली नाही, पण त्या बाईने मोतोहो दिलं. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेली पातळ पेज, थेट आंबीलच. ज्वारी मुळात आफ्रिकेची, तिथूनच ती आपल्याकडे आली, त्यामुळे ती चव ओळखीची लागली यात नवल नाही. मी दुसरा वाडगा मागितला तेव्हा 'म्मे खूश झाली.

सेमोन्कोंगला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. हे गाव सव्वादोन हजार मीटरवर आहे. १८८०-८१ मध्ये, हा मुलूख केप वसाहतीकडे असताना, तिथल्या सरकारने बासोथोंच्या बंदुका काढून घ्यायचा प्रयत्न केला, त्यातून युद्ध पेटलं, आणि परागंदा झालेल्यांनी त्यानंतर इथे आसरा घेतला. बंदुका बासोथोंनी दिल्या नाहीत ते नाहीतच. १८८४ मध्ये केपला हा मुलूख पुन्हा थेट ब्रिटिश राजवटीकडे द्यावा लागला.

चौथा दिवस: मालेत्सुन्याने

गावातला मुख्य रस्ता म्हणजे घोड्यांचाच रस्ता. दुकानांसमोर घोडे बांधलेले, कुणी मक्याचं पोतं दळायला आणलेलं, कुणी लोकर विकायला. इथली मेरिनो लोकर आणि अंगोरा शेळ्यांचं मोहेर जगभर जातं. मोहेरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या खालोखाल लेसोथोचाच नंबर लागतो.

ब्लँकेटबद्दल इथे लिहिते, कारण सेमोन्कोंगच्या बाजारात ती सगळ्यात जवळून बघायला मिळाली. माझ्यासमोर एक घोडेस्वार उतरला. डोक्यावर लोकरीची कानटोपी, पायात गमबूट, आणि अंगावर विटकरी रंगाचं जाड ब्लँकेट, उजव्या खांद्यावर मोठ्या पिनेने अडकवलेलं. त्यावर मक्याच्या कणसांची नक्षी होती. कडेला एक बारीक पट्टा असतो, तो उभाच यायला हवा. पट्टा उभा म्हणजे वाढ, भरभराट. आडवा नेसलं तर वाढ खुंटते अशी समजूत. मुळात ही विणकामाची चूक होती म्हणतात. पण लोकांनी तिला अर्थ दिला आणि आता पट्ट्याशिवाय ब्लँकेट कुणी घेत नाही. १८६० च्या सुमारास मोश्वेश्वेला एका व्यापाऱ्याने ब्लँकेट भेट दिलं, तोवर लोक कातडी पांघरत. आज जन्म, लग्न, मुलग्यांची दीक्षा, अंत्यविधी, प्रत्येक प्रसंगाचं ब्लँकेट वेगळं. वहिनीने त्या स्वाराला विचारून पिन उघडून बघितली. आतून दाट लोकर, धुराचा वास, आणि वजन आपल्या दोन घोंगड्यांइतकं.

धबधब्याला आम्ही बासोथो पोनीवर बसून गेलो. हे घोडे बुटके आणि काटक. मी लगाम ओढायचा प्रयत्न करत होते, पण बरोबरचा मुलगा म्हणाला, घोड्यावर सोडा, त्याला माहीत आहे. खरंच, निसरड्या बेसॉल्टवर पाऊल कुठे टाकायचं ते तो वाकून बघून ठरवत होता.

मालेत्सुन्याने १९२ मीटर कोसळतो, मध्ये कुठेही न अडकता. काळ्या पाषाणाची भिंत, खाली घळ, आणि पाणी तळाला पोचेपर्यंत निम्मं तुषार झालेलं. समोरच्या कड्यावर पोटावर झोपून खाली बघितलं. ज्याला धीर आहे त्याने दोर लावून उतरावं. धबधब्याशेजारून २०४ मीटरचं रॅपलिंग इथे करवतात. दादाने केलं. वर आल्यावर बराच वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि मग संध्याकाळभर तो तेवढंच बोलत होता.

आमच्याबरोबरचा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा. शाळा तिसरीनंतर सुटली, कारण गुरं राखायला हवीत. इथे हे घरोघरी आहे. मुलगे लहानपणापासून गुरांमागे रानात, महिनोन्‌महिने उंच कुरणांवरच्या दगडी खोपटांत. मुली शाळेत. त्यामुळे साक्षरतेत बायका पुरुषांच्या पुढे आहेत. जगात अशी उदाहरणं कमी. पुढे हेच मुलगे मोठे झाले की जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत जायचे. पिढ्यान्‌पिढ्या तो रस्ता होता. १९९० नंतर खाणींतली भरती आटली आणि घरातला कमावता पुरुष रिकामा झाला. त्या मुलाला मी विचारलं, तुला काय करायचंय? म्हणाला, माझी स्वतःची मेंढरं.

पाचवा दिवस

नुसता प्रवास. मासेरूला परत, तिथून उत्तरेला लेरिबे आणि मग काटसे धरणाकडे. संध्याकाळी माफिका लिसिऊ घाट चढलो, ३,०९० मीटर. हा डांबरी रस्ता लोकांसाठी झाला नाही, धरणाचं सामान न्यायला झाला. लोकांना फायदा नंतर मिळाला.

सहावा दिवस: काटसे

धरण बघायला सुटी खर्च करावी का, असं वहिनी आदल्या रात्री विचारत होती. धरणाच्या भिंतीवर उभं राहिल्यावर तिनेच सगळ्यात जास्त वेळ घेतला.

काटसेची भिंत १८५ मीटर उंच आणि ७१० मीटर लांब. कॉंक्रीटची, दोन्ही दिशांनी वळलेली कमान, एका अरुंद दरीत बसवलेली. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर. साठा १९५ कोटी घनमीटर, आपल्या भाषेत साधारण ६९ टीएमसी. धरण १९९६ मध्ये उभं राहिलं. भिंतीच्या आत नेऊन दाखवतात. आत थंडगार बोगदे आहेत आणि भिंत किती हलते ते मोजणारे लंबक टांगलेले आहेत.

पाण्याचा प्रवास असा. जलाशयातून ४५ किलोमीटरचा बोगदा डोंगरांच्या पोटातून उत्तरेला मुएलाला जातो. तिथे ७२ मेगावॉट वीज तयार होते, ती लेसोथोची. मग आणखी ३७ किलोमीटर बोगद्यातून पाणी सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेतल्या ॲश नदीत पडतं, आणि तिथून वाल धरणात. जोहान्सबर्गच्या नळाला हेच पाणी येतं. एकही पंप लागत नाही. सगळं उतारावरच. १९९८ च्या जानेवारीत पहिलं पाणी गेलं. पहिल्या टप्प्याचा पुरवठा वर्षाला सुमारे ७८ कोटी घनमीटर, साडेसत्तावीस टीएमसी, आणि त्याबद्दल दक्षिण आफ्रिका लेसोथोला स्वामित्वधन देते. करार १९८६ चा. लोक पाण्याला पांढरं सोनं म्हणतात.

मला इथे थाबा बोसिऊ आठवत होतं. ज्यांनी सपाट जमीन घेतली त्यांना आज या डोंगरांकडून पाणी विकत घ्यावं लागतं. यात न्याय आहे असं मला मनापासून वाटतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. जलाशयाच्या काठावर एका वस्तीत थांबलो होतो. समोर एवढं पाणी पसरलेलं, आणि मुली डोक्यावर बादल्या घेऊन झऱ्यावरून येत होत्या. दरीतली चांगली शेतं आणि कुरणं पाण्याखाली गेली. भरपाई म्हणून धान्य मिळत होतं. एक आजोबा म्हणाले, धान्य खाऊन संपतं, शेत संपत नाही. कोयना, उजनीच्या काठची माणसं हेच सांगतात.

आणखी एक गोष्ट या धरणाची आहे आणि ती लेसोथोने अभिमानाने सांगावी अशी आहे. प्रकल्पाच्या प्राधिकरणाचे प्रमुख मासुफा सोले यांनी बड्या परदेशी कंपन्यांकडून लाच घेतल्याचं उघड झालं. २००२ मध्ये लेसोथोच्या न्यायालयाने त्यांना तुरुंगात पाठवलं आणि तिथेच न थांबता लाच देणाऱ्या कॅनडाच्या आणि जर्मनीच्या कंपन्यांनाही दोषी ठरवलं. एवढ्याशा देशाने देणाऱ्यालाही सोडलं नाही. आता सेन्कूवर पोलिहाली धरणाचं काम चालू आहे. तिथल्या गावांना या वेळी जास्त बरं मिळावं.

धरणाच्या वरच्या अंगाला वनस्पती उद्यान आहे. बुडणाऱ्या दरीतून उचलून आणलेल्या झाडांपासून ते सुरू झालं. इथे मी सर्पिल कोरफड पहिल्यांदा पाहिली. जगात फक्त लेसोथोच्या उंच उतारांवर उगवते. पानं जाड, टोकाला जांभळट काटा, आणि पाच रांगांत एकाआड एक अशी रचलेली की मधल्या कोंबापासून बाहेरपर्यंत पाच घड्या भोवऱ्यासारख्या फिरत जातात. काही झाडं उजवीकडे वळतात, काही डावीकडे. माळी म्हणाला, चोर रानातून उपटून नेतात आणि ती दुसरीकडे सहसा जगत नाही.

सातवा दिवस: बुथाबुथे, मोतेंग

बुथाबुथेत किराणा घ्यायला एका दुकानात शिरलो तर गल्ल्यावरचे चाचा आमच्याकडे बघून थेट हिंदीत बोलले. या गावात भारतीय वंशाची, मूळची गुजराती मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवतात. फ्री स्टेटमध्ये राहायला बंदी आणि इथे मुभा, म्हणून ती इथे रुजली. चाचांनी आम्हाला चहा पाजला आणि सेसोथोत गिऱ्हाइकांशी बोलत राहिले. दोन्ही भाषा सारख्याच सफाईने.

त्यापुढे मोतेंग घाट, २,८२० मीटर. मुक्काम ऑक्सबोच्या परिसरात. एप्रिलमध्येच रात्री पाणी गोठलं. जवळच तीन हजार मीटरच्या वर आफ्रिस्की आहे, जिथे जून ते ऑगस्ट बर्फावर स्कीइंग चालतं. आता तिथे फक्त पिवळं गवत होतं.

आठवा दिवस: लेत्सेंग आणि सानी

सकाळी लेत्सेंगच्या हिऱ्याच्या खाणीवरून गेलो. आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच मातीचे ढीग दिसतात. ३,१०० मीटरवरची ही खाण. हिरे थोडे, पण निघाले की प्रचंड. २००६ मध्ये ६०३ कॅरेटचा, २०१८ मध्ये ९१० कॅरेटचा. मला मात्र १९६७ ची गोष्ट जास्त आवडते. तेव्हा इथे साधी माणसं फावडं घेऊन स्वतःच खणत. अर्नेस्टिन रामाबोआ नावाच्या बाईला ६०१ कॅरेटचा तपकिरी हिरा सापडला. नवरा-बायको तो घेऊन डोंगर तुडवत पायी मासेरूला विकायला गेले.

मोखोतलोंगला जेवलो: पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि चिरून परतलेली मोरोहोची पालेभाजी. पुढे रस्ता ३,२०० मीटरच्या वर चढून कोतिसेफोलावरून सानीच्या माथ्यावर येतो, २,८७४ मीटर. इथे देश अचानक संपतो. पठाराची धार, आणि खाली क्वाझुलू-नातालची हिरवी खोरी. लेसोथोचा शिक्का माथ्यावर, दक्षिण आफ्रिकेची चौकी खाली पायथ्याशी, मध्ये खडीचा नागमोडी रस्ता. फोर बाय फोर नसेल तर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वळणं इतकी आवळलेली की काही ठिकाणी दादाला गाडी मागे घेऊन पुन्हा वळवावी लागली. वहिनी पूर्ण वेळ दाराची कडी धरून होती. १९५० च्या आधीची गोष्ट सांगायला आता कुणी उरणार नाही, असं माथ्यावरच्या लॉजमध्ये एक म्हातारा म्हणाला. त्याच्या लहानपणी इथून लोकर गाढवांवर लादून खाली जायची आणि येताना मका यायचा.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचाच घ्या, कारण लेसोथोतून बाहेर पडलात की पुन्हा त्याच देशात शिरायचं असतं. पैशांची अडचण नाही. तिथलं चलन लोटी (अनेकवचनी मालोटी) आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक चालतात, पण उरलेले मालोटी देशाबाहेर कुणी घेत नाही, ते तिथेच संपवा. मार्च-एप्रिलमध्ये धबधबा भरलेला आणि रस्ते उघडे असतात. जून-जुलैत गेलात तर बर्फामुळे घाट बंद मिळू शकतात. सानीची चौकी संध्याकाळी सहाला बंद होते, तेव्हा मोखोतलोंगहून दुपारी लवकर निघा. आणि थाबा बोसिऊला वाटाड्या घ्याच. गड एकट्याने चढता येतो, पण पेएते आजोबांची गोष्ट त्याच मातीवर, तिथल्याच माणसाच्या तोंडून ऐकायला हवी.